फोनवर कंटेनर नंबर वारंवार चुकतोय: कारण आणि उपाय

न्हावा शेवा बंदराच्या गेटवर ट्रेलर उभा आहे, मागे रांग लागली आहे आणि कागदावरचा कंटेनर नंबर गाडीवरच्या कंटेनरशी जुळत नाही. फरक एकाच अक्षराचा. कागदावर ‘डी’, पत्र्यावर ‘बी’. मग गाडी बाजूला घ्या, ऑफिसला फोन लावा आणि दुरुस्त कागद येईपर्यंत ड्रायव्हरने केबिनमध्ये बसून राहायचं. कळंबोली, उरण, द्रोणागिरी पट्ट्यात ट्रान्सपोर्टचं, यार्डचं किंवा क्लिअरिंगचं काम करणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. दर वेळी कुणीतरी ड्रायव्हरवर ओरडतं, ड्रायव्हर म्हणतो ‘मी बरोबरच सांगितलं होतं’, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच होतं.

मी कळंबोलीत गाड्या लावण्याचं काम करतो. माझं ठाम मत आहे की ड्रायव्हर खरंच बरोबर सांगतो आणि ऑफिसातला मुलगाही कान देऊनच ऐकतो. दोष आपण अक्षरं ज्या पद्धतीने सांगतो तिच्यात आहे. ती पद्धत बदलली की चूक थांबते, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च नाही.

‘फोटो पाठवायला सांगा, प्रश्न मिटला’ असं कुणी म्हणेल. फोटो येत असेल तर जरूर घ्या, पहिला उपाय तोच. पण साधा फोन असलेले ड्रायव्हर अजून आहेत. यार्डात कंटेनर एकावर एक रचलेले असतात तेव्हा सर्व्हेयर खाली उभा राहून वॉकीटॉकीवरच नंबर सांगतो. रात्री फ्लॅशमध्ये गंजलेल्या पत्र्यावरचा आकडा फोटोत उमटत नाही. म्हणजे तोंडाने नंबर सांगण्याची वेळ रोज येतेच. (गाडी चालवत असताना मात्र नंबर विचारूच नका. ‘बाजूला घेऊन फोन करा’ एवढंच सांगून ठेवून द्या.)

आधी कारण बघू, म्हणजे उपाय का चालतो ते कळेल.

इंग्रजी अक्षरांची नावं फार आखूड आहेत आणि एकमेकांसारखी आहेत. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही आठही अक्षरं ‘ई’वर संपतात. ‘बी’ आणि ‘डी’ यांच्यातला सगळा फरक पहिल्या निमिषात आहे, नंतर उरतो तो एकच लांब ‘ई’. मागून रीफर कंटेनरचा (माल थंड ठेवणारा कंटेनर) जनरेटर घरघरत असेल तर ते पहिलं निमिष बुडतं आणि कानाला फक्त ‘ई’ पोचतो. उरलेलं मेंदू भरून काढतो, आणि त्याला जे अपेक्षित असतं तेच भरतो. ‘ए’, ‘के’, ‘जे’ यांचं तसंच. ‘एम’ आणि ‘एन’ तर कुप्रसिद्धच.

दुसरं कारण खुद्द फोनमध्ये आहे. जुन्या पद्धतीच्या कॉलवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे जातो. ‘स’ची जी शीळ आहे तिचा बराचसा भाग या पट्ट्याच्या वर असतो, म्हणून तो कापला जातो. ‘एस’मधला स गेला आणि ‘एफ’मधला फ गेला की दोन्हींचा नुसता ‘ए’ उरतो. नव्या फोनवरून नव्या फोनवर व्होल्टीचा, म्हणजे ४जी नेटवर्कवरून जाणारा, कॉल लागला तर पट्टा साधारण ७००० हर्ट्झपर्यंत जातो आणि ‘एस’ स्वच्छ ऐकू येतो. त्यामुळेच ‘काल तर याच माणसाचं नीट ऐकू येत होतं’ अशी तक्रार येते. काल कॉल वेगळ्या वाटेने गेला होता.

वॉकीटॉकीवर आणखी एक भर पडते. बटण दाबताक्षणी बोलायला सुरुवात केली की पहिला तुकडा पाठवलाच जात नाही. आणि अक्षराची ओळख नेमकी त्या पहिल्या तुकड्यात असते. बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला. एवढ्याशा सवयीने निम्मा गोंधळ कमी होतो.

आता तुम्ही म्हणाल, ‘आम्ही सांगतोच की, बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली.’ सांगता, पण प्रत्येक जण आपापल्या मनाला येईल तो शब्द सांगतो. ठाण्याचा माणूस सहज म्हणून जातो, ‘एम फॉर मानपाडा’. दुसऱ्या दिवशी दुसरा म्हणतो, ‘एन फॉर नौपाडा’. घोडबंदर रोडच्या रहदारीत उभं राहून हे दोन शब्द फोनवर ऐकून बघा. जी अक्षरं वेगळी करायची होती तीच पुन्हा एकमेकांत मिसळली. ‘व्ही फॉर वाशी’ आणि ‘डब्ल्यू फॉर वर्धा’ यांत आपल्या कानाला दोन्हीकडे ‘व’च. ‘टी फॉर ठाणे’ ऐकून बिहारमधून आलेला नवा मुलगा अडखळतो, कारण त्याच्या कानावर ‘ठ’ पडतो आणि ठाणे इंग्रजीत कसं लिहितात हे त्याला माहीत असायचं कारण नाही. ‘सी फॉर चंद्रपूर’चीही तीच गत.

शब्द चांगला आहे की नाही हे त्या एकट्या शब्दाकडे बघून ठरत नाही. तो यादीतल्या उरलेल्या पंचवीस शब्दांपासून वेगळा ऐकू यायला हवा. विमानवाल्यांना हे कळायलाही वेळ लागला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने माँट्रियल विद्यापीठातले भाषातज्ज्ञ झाँ-पॉल विने यांच्या मदतीने यादी तयार केली आणि १९५१ मध्ये ती वापरात आणली. त्यात सीसाठी कोका, एमसाठी मेट्रो, एनसाठी नेक्टर, यूसाठी युनियन आणि एक्ससाठी एक्स्ट्रा होतं. प्रत्यक्ष रेडिओवर नेक्टर आणि व्हिक्टर एकमेकांत गुंतायला लागले, डेल्टा आणि एक्स्ट्रा सारखे वाटायला लागले. मग ३१ देशांच्या माणसांकडून बोलवून आणि ऐकवून चाचण्या झाल्या, हे पाच शब्द बदलले, आणि १ मार्च १९५६ पासून जी यादी लागू झाली तीच आजही विमानात, जहाजावर आणि बंदराच्या रेडिओवर चालते. नेक्टर आणि व्हिक्टर म्हणजे त्यांचे मानपाडा आणि नौपाडा. एवढी मेहनत आधीच झालेली असताना आपण नवी यादी जुळवत बसू नये.

यादी अशी. छापून फोनशेजारी चिकटवा:

ए आल्फा, बी ब्राव्हो, सी चार्ली, डी डेल्टा, ई एको, एफ फॉक्सट्रॉट, जी गोल्फ, एच हॉटेल, आय इंडिया, जे ज्युलिएट, के किलो, एल लिमा, एम माइक, एन नोव्हेंबर, ओ ऑस्कर, पी पापा, क्यू केबेक, आर रोमिओ, एस सिएरा, टी टँगो, यू युनिफॉर्म, व्ही व्हिक्टर, डब्ल्यू व्हिस्की, एक्स एक्स-रे, वाय यँकी, झेड झुलू.

बघा, ‘ब्राव्हो’चा पहिला तुकडा कापला गेला तरी ‘…व्हो’ उरतं, ‘डेल्टा’चं ‘…ल्टा’ उरतं. शब्द अर्धा पोचला तरी ओळखू येतो. व्हिक्टर आणि व्हिस्की यांची सुरुवात आपल्या तोंडी सारखीच होते, तेव्हा त्यांचा शेवट गिळू नका. बाकी उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही. ‘केबेक’ला कुणी ‘क्युबेक’ म्हणालं तरी दुसरं काही ऐकू येणार नाही.

‘आमच्या ड्रायव्हरना हे सव्वीस शब्द कोण शिकवणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सगळ्यांना शिकवायची गरजच नाही. ऑफिसात बसलेल्याला यादी आली की काम भागतं, कारण विचारणारा तो आहे. ड्रायव्हर ‘बी’ म्हणाला की त्याने विचारायचं, ‘दादा, ब्राव्हो की डेल्टा?’ पहिल्या दोन-तीन वेळा पलीकडून ‘काय?’ असं येतं. तेव्हा शांतपणे सांगायचं: ‘बी असेल तर ब्राव्हो म्हणा, डी असेल तर डेल्टा.’ थोड्याच दिवसांत ड्रायव्हर आपणहून ब्राव्हो म्हणायला लागतो, कारण त्यालाही गेटवरून परत यायचं नसतं. सर्वात आधी फक्त घोळाची अक्षरं घ्या: बी, डी, पी, टी, व्ही, एम, एन, एस, एफ, ए, के. बाकीची आपोआप येतात.

ज्यांनी यादी लावली तरीही चुका होताहेत त्यांच्यासाठी आता सांगतो ते सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक ऑफिसांत नंबर परत वाचून दाखवायची पद्धत असते. ती अशी चालते:

‘सी, एस, क्यू, यू.’

‘सी, एफ, क्यू, यू?’

‘हो हो, बरोबर.’

ड्रायव्हर खोटं बोलला नाही. त्याने ‘एस’ म्हटलं होतं, परत आलेला ‘एफ’ त्याच्या कानाला ‘एस’च वाटला, कारण त्याला ‘एस’चीच अपेक्षा होती. ज्या वाटेने चूक गेली त्याच वाटेने ती पडताळून आली. म्हणून नियम असा ठेवा: परत वाचणाऱ्याने अक्षर उच्चारायचंच नाही, फक्त शब्द.

‘चार्ली, फॉक्सट्रॉट, केबेक, युनिफॉर्म?’

‘नाही साहेब, फॉक्सट्रॉट नाही. सिएरा.’

‘चार्ली, सिएरा, केबेक, युनिफॉर्म. आकडे सांगा.’

चूक निघाली तर फक्त ते एक अक्षर दुरुस्त करून पुढे जाऊ नका, चारही शब्द पुन्हा म्हणा, वरच्यासारखे. आणि सांगणाऱ्याने ‘हो हो’ न म्हणता पूर्ण ऐकून मग ‘बरोबर’ म्हणायचं. घाईत ‘हो हो’ हा नुसता हुंकार असतो.

आकड्यांचं दुखणं वेगळं. मराठीत सात आणि आठ यांच्यात फरक काय तो एका ‘स’चा आणि ‘त-ठ’चा, आणि ‘स’ तर फोन खातोच. इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन यांचं तसं, म्हणूनच वैमानिक पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नाइनर’ म्हणतात. आमच्याकडे मी सात-आठपुरतं इंग्रजी लावलं आहे, ‘सेव्हन’ आणि ‘एट’. पाच आणि नऊ मात्र मराठीतच. खिचडी वाटेल, पण ऐकायला दोन्ही जोड्या स्वच्छ येतात. जोडआकडे पूर्ण बंद करा. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद यांत कोण कुठला हे समोरासमोर बसूनही लोकांना थांबून आठवावं लागतं. हिंदीत उनासी आणि नवासी यांनी तर कितीतरी कागद बिघडवले आहेत. ‘डबल’ आणि ‘ट्रिपल’ही नको. प्रत्येक आकडा सुटा, आणि मध्ये दम घेऊन: चार अक्षरं, मग तीन आकडे, मग तीन, मग शेवटचा एक.

हा शेवटचा एक फार कामाचा आहे. कंटेनरवर तो चौकटीत रंगवलेला असतो आणि पुष्कळ जण तो सांगायचाच विसरतात. तो तपासणी अंक आहे, आधीच्या दहा खुणांवरून (चार अक्षरं आणि सहा आकडे) हिशेबाने काढलेला. हिशेब असा: ए म्हणजे १०, बी १२, सी १३, असं चढत जायचं, पण ११, २२ आणि ३३ वगळायचे, म्हणजे झेडला ३८ येतात. आकडे आहेत तसेच धरायचे. पहिल्या खुणेला १ ने गुणायचं, दुसरीला २ ने, तिसरीला ४ ने, असं दुप्पट करत दहावीला ५१२ ने. बेरजेला ११ ने भागायचं. जी बाकी उरते तोच शेवटचा अंक, बाकी १० आली तर ०.

वरचंच उदाहरण घ्या: सीएसक्यूयू ३०५४३८ ३. गुणाकार अनुक्रमे १३, ६०, ११२, २५६, ४८, ०, ३२०, ५१२, ७६८ आणि ४०९६. बेरीज ६१८५, अकराने भागून बाकी ३. जुळलं. आता ‘एस’ऐवजी ‘एफ’ लिहिलं तर ६० च्या जागी ३२ येतात, बेरीज ६१५७ आणि बाकी ८. चौकटीत मात्र ३ आहे. म्हणजे फोन ठेवायच्या आधीच कळलं की काहीतरी चुकलंय. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवून ठेवलं की नंबर टाकताक्षणी तांबडं-हिरवं दिसतं. ज्या ऑफिसात हे नाही त्यांनी आजच बसवून घ्यावं, अगदी मनापासून सांगतो.

पण यावर डोळे मिटून विसंबू नका, कारण हा हिशेब काही जोड्यांना आंधळा आहे. बी १२ आणि व्ही ३४. फरक २२ चा, म्हणजे अकराच्या पाढ्यातला. अकराने भागल्यावर दोन्हींची बाकी सारखीच, त्यामुळे ‘बी’च्या जागी ‘व्ही’ गेला तरी तपासणी अंक बिनतक्रार जुळतो. ए १० आणि के २१ यांचंही तेच. आणि नेमक्या याच जोड्या कानाला सारख्या वाटतात! म्हणून एक्सेल हिरवं दाखवत असलं तरी नंबरात बी, व्ही, ए किंवा के असेल तर शब्द विचाराच: ब्राव्हो की व्हिक्टर, आल्फा की किलो.

आणखी एक आधार आहे. पहिली तीन अक्षरं कंटेनरच्या मालकाची असतात, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय कंटेनर ब्यूरोकडे नोंदलेली, आणि चौथं अक्षर मालवाहू कंटेनरला ‘यू’च. तुमच्याकडे नेहमी येणारे प्रीफिक्स, म्हणजे ही सुरुवातीची चार अक्षरं, दहा-पंधराच्या पुढे सहसा नसतात. ते भिंतीवर लावा. यादीबाहेरचा आला की पुन्हा विचारा.

बाकी कागदांतही जागा बघून बरीच अक्षरं ओळखता येतात. महाराष्ट्राचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो. त्यातलं चौदावं अक्षर बहुधा झेड असतं. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. बँकेच्या आयएफएससीत पाचवी खूण शून्य, तिथे ‘ओ’ लिहिला की पैसे अडले. गाडीच्या नंबराच्या सिरीजमध्ये आय आणि ओ ही अक्षरं देतच नाहीत, म्हणजे एमएच ०४, ४३ किंवा ४६ च्या पुढे कुणी ‘ओ’ सांगितला तर समजा काहीतरी चुकतंय.

हाच घोळ सोसायट्यांतही आहे आणि तिथे तो जास्त जिवावरचा आहे. ठाण्यात घोडबंदरला काय किंवा खारघर-कामोठ्यात काय, ए ते ई विंग असलेल्या सोसायट्या पैशाला पासरी. रात्री इंटरकॉमवर कुणी घाबऱ्या आवाजात ‘डी विंग, ४०२, लवकर’ म्हणतं आणि वॉचमन स्ट्रेचर घेऊन आलेल्यांना बी विंगच्या लिफ्टकडे पाठवतो. बी, सी, डी, ई, चारही एकाच ‘ई’च्या! इथे मात्र विमानाची यादी लावायचा हट्ट मी धरणार नाही. आजीआजोबांच्या तोंडी ‘ब्राव्हो’ बसणार नाही, आणि विंग पाचच असल्यामुळे पाच शब्द पुरतात. आंबा, बदक, सीताफळ, डमरू, ईश्वर. लिफ्टच्या दाराशेजारी अक्षराखाली शब्द आणि चित्र रंगवून घ्या, गेटवरच्या केबिनमध्ये तोच तक्ता लावा आणि वॉचमनला सांगा की परत विचारताना शब्दच विचारायचा: ‘बदक की डमरू, काकू?’ १०८ किंवा ११२ वर फोन करताना मात्र हे घरचे शब्द वापरू नका, पलीकडच्याला ते ठाऊक नसतात. तिथे सोसायटीचं पूर्ण नाव, रस्ता आणि जवळची ठळक खूण सांगा आणि एका माणसाला गेटवर उभं करा.

हे सगळं करूनही नंबर चुकत राहिले तर फोनशेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक चुकीची फक्त जोडी लिहा: काय सांगितलं, काय लिहिलं गेलं, कोणत्या फोनवर. महिन्याभरात चित्र दिसेल. ‘एस’ आणि ‘एफ’च वारंवार येत असतील तर तो हँडसेट किंवा स्पीकरफोन बदला. शब्दांचे पहिले तुकडे गायब होत असतील तर वॉकीटॉकीचं बटण दाबताक्षणी घाईने बोललं जातंय. आणि एकाच शिफ्टमध्ये सगळ्या चुका सापडल्या तर बघा की त्या शिफ्टला भिंतीवरची यादी दिसते का. आमच्याकडे ती कॅलेंडरखाली झाकली गेली होती.